शंभर वर्षांचा दर्या

मनामात, बाजारामागच्या गल्लीत मी पाट्या रंगवतो.
न्हावी, दातांचा डॉक्टर, ताजी मासळी.
एकदा नूराबाई आल्या, सिनेमावाल्या.
म्हणाल्या, मोती काढणाऱ्या एका नाखुदाची
शंभर वर्षांपूर्वीची रोजनिशी हवी.
खरी नको. खरी मिळाली तर सिनेमाच संपला.

कागद चहात बुडवला, ओव्हनमध्ये भाजला,
तापल्या सुईनं कसरीची भोकं पाडली.
मदरशातलं अक्षर कामी आलं.
नाखुदाला आमच्या हर्णैचा नाखवा केला,
त्याच्या नावावर घातलं कर्ज, अर्धशिशी,
एका पाणबुड्याचा फुटलेला कान.
मग दोन रात्री वही ठेवली
बायकोनं पाठवलेल्या बोंबलांच्या डब्यात.

सिनेमात संपादक ती नाकाशी धरतो,
डोळे मिटतो,
"शंभर वर्षांचा दर्या!"
आणि छापतो. पहिलं पान, आठ कॉलम.
मग मंत्री, मग टपालाचं तिकीट,
मग नाखुदाचे नातू, मोजून एकवीस.
मी तर त्याचं लग्नही लावलं नव्हतं.

पहिल्या खेळाला पुढची रांग पत्रकारांची.
हसता हसता एकाचे पॉपकॉर्न सांडले.
दुसऱ्या दिवशी त्याच्याच पेपरात:
चित्रपटात दाखवलेली मूळ रोजनिशी
संग्रहालयानं ताबडतोब ताब्यात घ्यावी.
नूराबाईंचा फोन आला. बराच वेळ
दोघंही बोललो नाही,
नुसता श्वास,
मग शिंक यावी तसं हसू.

कात्रण मी पासपोर्टात ठेवलं.
तिथं माझी जन्मतारीख आहे, एक जून.
जोगळेकर गुरुजींनी वर्गातल्या सतरा पोरांना
एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.
आई म्हणायची, नारळी पुनवेला होड्या पाण्यात गेल्या
त्याच्या आदल्या रात्रीचा तू.
साल तिला आठवत नसे.
चहा नाही, सुई नाही, गुरुजींचा साधा टाक.
एकतीस वर्षं, पानं भरून शिक्के,
कुणी नाकाशी धरून पाहिलं नाही.

येत्या एक जूनला मी साठ.
मालक म्हणतो, साठ झाले की घरी.
मी नाही म्हणत, परकार, कागद म्हणतो.

आईचं म्हणणं खरं करायचं
तर कागदच लागेल. जुना.

बोंबलांचा डबा अजून अर्धा आहे.