पंचावन किलो गट

रात्री साडेआठला माझ्या पानठेल्यासमोर
सकाळचा सामना पुन्हा एकदा खेळला जातो,
पाय न हलवता.
एक खर्रा घोटायला मला सहा मिनिटं लागतात.
तेवढ्यात ही माणसं एक पोरगं घडवतात
अन् दुसरं मोडून ठेवतात.

"निकेशची घोटापकड पाह्यली का बे?"
"पाह्यली. हात लवकर टाकते.
पाय याच्या आंधी याचा हात जाते."
"शिकन. सतरा वर्साचं पोट्टं होय."
"सतरा वर्साचा तं तूही होता, नत्थू."

कोणी हसत नाही.
मग नत्थू हसतो, मग सगळेच.

खुल्या गटातली आपली मोठी चमू
तीन वर्षं झाली, पहिल्याच फेरीतून
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून घरी येते.
तिच्याबद्दल आता कोणी बोलत नाही,
दुखऱ्या दाताकडं जशी जीभ नेत नाही माणूस.
सगळा जीव या लहान्यांत.
"दोन साल द्या फक्त," अंबादास म्हणतो,
"मंग पाहा आर्वीले."
मी ठेला टाकला तेव्हाही
ती दोनच सालं होती.

डोमाजी लोणारेकडं वही आहे,
सोसायटीच्या खतविक्रीची, मागच्या बाजूनं लिहिलेली.
नाव. वजन. चढाया. पकडी.
शेवटच्या रकान्याला मथळा नाही.
त्यात आहे: पोलीस भरती, गोंदिया.
चाकण, कंपनी.
गुडघा.
लग्न.
गुडघा.
नागपूरच्या मंडळानं नेला, फोन उचलत नाही.
ठेला – हा मी, एकोणीसशे सत्याण्णव, डावा कोपरा.
पोरगा चांगला निघाला की गावाचा राहत नाही,
नाही निघाला की गावाचाच राहतो.
डोमाजी दोन्ही एकाच निळ्या पेनानं लिहितो.

आजचा वाद मात्र तीनशे ग्रॅमचा.
रेशनच्या काट्यावर निकेश
पंचावन किलो तीनशे भरला.
परवा आर्वीला वजन आहे.
स्वेटरवर रेनकोट घालून त्यानं
शाळेला चाळीस चकरा मारल्या,
केस बारीक केले,
पाण्याच्या घोटाऐवजी चुळा भरल्या.
"उतरन. रातभर उतरते वजन."
"अन् मंग ताकद कोठून आणन, तुह्या घरून?"
"खुल्यात टाकला तं सत्तर सत्तर किलोचे बैल हायेत तेथं.
एका पकडीत कालवा करतीन त्याचा."
"चिल्लर गटात जितून जितून कोणतं पोट्टं मोठं झालं, सांग बरं?"
हे अंबादास म्हणाला,
तसा डोमाजीनं वही उघडली,
अन् पानं उलटता उलटता
काहीच सांगितलं नाही.

तेवढ्यात निकेशची माय आली, माचिस घ्याले.
सगळे आकाशातले तारे पाहू लागले.
तिनं दोन रुपये काउंटरवर ठेवले,
माचिस कानाशी हलवून पाहिली,
म्हणाली, "डोमाजी भाऊ, तुमच्या वहीत लिहून घ्या.
दोन दिस झाले, पोट्टं ताट पाहून उठते.
आज बसवलं म्या त्याले.
चार भाकरी खाल्ल्या, वांग्याची भाजी खाल्ली,
अन् आता घोरून रायला."
गेली.

रातकिडे.
कोणाच्या तरी मोबाईलची बॅटरी संपल्याची टिंग.
डोमाजीनं ५५ वर आडवी रेघ मारली,
रेघेवर थांबला,
मग पेन खिशाला लावून टाकला,
पुढं काहीच न लिहिता.

"भाकरी कोणत्या, ज्वारीच्या?" नत्थूनं विचारलं.
"तं काय."
"मंग साडेछप्पन."

अन् थोडं थांबून, कोणाकडंच न पाहता:
"डाव्या कोपऱ्यात मंग लहान्यांतून कोण हाय?"
"चाफल्याचा प्रज्योत. पण बेचाळीसच भरते."
"हात कसा हाय?"
"हात हाय. घाबरते."
"दोन साल द्या."

खर्रा झाला होता.
पन्नीची गाठ मारता मारता
माझा डावा हात आपोआप उघडला,
बोटं पसरून, घोट्याच्या उंचीवर,
कोणी येतंय का पाहायला.