मिठाची चौकी

खानापूरच्या कचेरीतून मला मोजणीला धाडलं.
कागदावर होतं: किल्ला, पडीक, कणकुंबीच्या वर,
क्षेत्र सव्वातीन एकर, झाडं जंगली, वहिवाट नाही.
जीप अडली तिथून पुढे
साखळी खांद्यावर टाकून चढलो, जळवा झाडत.

धाकलू वरक म्हशी सोडून बसला होता.
"काय मोजायलायस?"
किल्ला, म्हटलं.
"किल्ला कुठला बा. मिठाची चौकी ती."

इकडे कंपनी, तिकडे फिरंगी,
मधे घाट,
आणि घाटातून रात्री वर येणारं डोक्यावरचं मीठ.
एवढ्यासाठी चार बुरूज.
एवढ्यासाठी मद्रासकडचे तीस शिपाई,
पायाची बोटं पावसात कुजलेले,
आणि बेळगावहून ओढत आणलेली एक तोफ.
वाटेत दोन बैल मेले.
तोफेचं तोंड गोव्याकडे.

लेफ्टनंट क्रॉलीची वही मी नंतर दप्तरात पाहिली.
पानोपानी एकच ओळ: आज काही घडले नाही.
आषाढातली अक्षरं फुगलेली.
एका तारखेला मात्र:
रात्री हल्ला. चाळीसेक जण. तोफ डागली.
दुसऱ्या दिवशी, बारीक अक्षरात:
गवा. एक. मादी.

"गाभण होती," धाकलू म्हणाला,
गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगावी तसं.

आणि त्याची खापरपणजी भिकली,
जी याच दरवाजातून दर अमावास्येला जायची,
मिठाच्या पाण्यात बुडवलेली घोंगडी पांघरून,
थंडीनं दात वाजत, हवालदार मुत्तय्याला रामराम घालत.
झडती घेतली तर हातात काय, रिकामं मडकं.
घरी येऊन घोंगडी पिळायची.
त्या घरच्या पेजेला कैक वर्षं
लोकरीचा वास होता.

जप्तीचं मीठ पूर्वेच्या कोठीत ओतत.
चार महिने ते पाझरे,
जांभ्याच्या भोकाभोकांत मुरे.
मग चौकी उठली. शिपाई गेले,
तोफ कुणी लोहाराला विकली म्हणतात,
दाराच्या बिजागऱ्या गावात गेल्या.
मीठ चिऱ्यातच राहिलं.

मी टेप धरली.
पूर्वेचा तट: पायाशी आठ फूट.
छातीइतक्या उंचीवर पाच.
पुढे तीन.
एका जागी आरपार, कडा गुळगुळीत,
आईनं रोज पुसलेल्या परातीसारख्या.
"चाटून चाटून," धाकलू म्हणाला.
"त्या मादीची पोरं म्हण, नातवंडं म्हण.
तोफेला जमलं न्हाई ते जिभेला जमलं."

शेवटचा रकाना: पडझडीचे कारण.
फॉर्म कन्नडमध्ये, म्हणून लिहिलं: उप्पु.
खानापुरात साहेबांनी ते खोडून वर पाऊस घातला.
मी वाद घातला नाही. नोकरीची चार वर्षं उरलीत.

"दिवस बुडेपर्यंत थांब की, येतात," तो म्हणत होता.
खाली ड्रायव्हर हॉर्न मारत होता.
साखळी गुंडाळली, उतरायला लागलो.
अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला,
दगडावर कानस फिरावी तसा, सावकाश,
थांबून,
पुन्हा.