पान चौऱ्याऐंशी

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
व्हिसाचे अर्ज, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टचे जबाब,
या सगळ्यांच्या रांगेत एक म्हातारा उभा राहायचा
कडक इस्त्रीत, काखेत पुठ्ठ्याचा डबा.
तिएमोको सानोगो.
नाव सांगताना मान किंचित झुकवायचा,
जणू स्वतःचीच हजेरी घेतोय.

आधी मास्तर. मग आमदार. मग अकरा महिने शिक्षणमंत्री.
मग चार वर्षं तुरुंग,
मग मुलीच्या फ्लॅटमधला सोफा.
हे एका दमात सांगून झालं,
झेरॉक्सला पंचवीस फिल्स जास्त का, ते विचारता विचारता.

डब्यात त्याचं पुस्तक, आपल्याच लोकांवर लिहिलेलं:
कोण कुणाला मुलगी देतो,
पेरणीआधी कुणाची परवानगी घेतात,
मेलेल्याचं नाव किती दिवस तोंडात आणत नाहीत.
उरलेली एकच प्रत, कडा वाळवीने खाल्लेल्या.
मी काचेवर पान ठेवायचो, तो दोन्ही हातांनी झाकण दाबायचा,
हिरवा उजेड त्याच्या बोटांतून गळायचा.

चौऱ्याऐंशीवं पान नव्हतंच.
"तुरुंगात पहारेकऱ्याने त्यात तंबाखू गुंडाळली," म्हणाला.
"वाचता येत नव्हतं त्याला.
त्याच्या गावची शाळा
माझ्याच सहीसाठी पडून होती."

म्हटलं, सांगा, मी टाइप करतो.
तो बराच वेळ गप्प. मग उलट मलाच:
गाव कुठलं? हर्णै.
जाळ्यातला पहिला मासा कुणाचा?
बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणता?
साडू, म्हटलं. खुर्चीत रेलून हसला,
"यालासुद्धा शब्द ठेवलाय!"
पौर्णिमेला समुद्राला नारळ कोण देतं,
तांडेल की नाखवा?

एकोणीस वर्षं झाली इथे.
रक्तगट, पगार, लेबर कार्डाचा नंबर
विचारलंय लोकांनी. हे कुणी नाही.
मला उत्तर येईना. रात्री आईला फोन लावला.
ती म्हणाली, "तुझे वडील द्यायचे की.
तू खांद्यावर होतास त्यांच्या."

ईद झाली, तो आला नाही.
मुलगी आली, उधारीचे चौदा दिरहम
आणि एक कागद घेऊन.
त्यावर शाळामास्तरी अक्षरात माझं गाव,
फ्रेंचमध्ये. मला वाचता येत नाही.
'साडू' तेवढा ओळखू आला, दोनदा अधोरेखित,
आणि तळाशी माझं नाव, चुकीचं लिहिलेलं.
वर कोपऱ्यात आकडा:
चौऱ्याऐंशी.