रकाना सात

जिल्ह्याहून आलेल्या फॉर्मात
रकाना सात : अँग्झायटी. आहे / नाही.
खाली टिचभर जागा.

मी विचारलं, पार्बतामाय, काय होते तुमाले?
ती सुपात मोहफुलं पाखडत होती,
वर न बघता म्हणाली,
"मले गमत नाही वं.
वाघ येऊन गेला त्या दिवसापासून नाही,
त्याच्या आधीपासून.
घास घेतला का गरा आवरल्यावानी होते.
भांडं पडलं तरी जीव उडते."

मी 'आहे'वर टिक केली.
'गमत नाही' लिहायला जागा पुरली नसती.

रात्री दाराच्या चौकटीत उभं राहून
(आमच्या घरात रेंज तिथंच मिळते)
मोबाईलवर तो शब्द शोधला.
लॅटिनमधून आला म्हणे.
मुळात आवळणं. गळा दाबणं.
कुठल्या कुठल्या भाषा ओलांडून
आशाताईच्या पिशवीत बसून गावात आला,
तर पार्बतामाय तो आधीच सांगून मोकळी,
मोहातला काडीकचरा वेचता वेचता.

खाली आणखी लिहिलं होतं :
संस्कृतातलं अंहस् त्याच्याच कुळातलं.
मग मी आपलं 'संकट'ही शोधलं.
दर चतुर्थीला तोंडात येणारं,
तेही आधी नुसतं अरुंद.
म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधली पारी,
जिच्यावर डोक्यावरच्या भाऱ्यासकट
दोघी समोरासमोर आल्या
तर एकीला चिखलात उतरावंच लागते.

मागच्या अंगणात ऋषी
गाडीची जुनी क्लचवायर सोलत बसला होता.
"डुकरं धान ठेवत नाहीत," म्हणाला.
"आणि वाघ?" मी विचारलं.
"डुकरापुरतीच आहे."
"आणि ढोर? आणि माणूस?"
पार्बतामाय पहाटे, अंधारातच,
त्याच पारीनं मोहावर जाते.
हे मी बोलले की नुसतंच मनात आलं,
आता सांगता येत नाही.
त्यानं तारेचा फासा केला,
स्वतःची मूठ आत घातली, दुसऱ्या हातानं ओढलं.
"बसते," म्हणाला, आणि तार खुंटीला अडकवली.
मनगटावर बारीक पांढरी रेघ उमटली होती.
मी तिच्याकडे बघत थुंकी गिळली,
ती अर्ध्यातच थांबली.

सकाळी उरलेले फॉर्म भरायला बसले.
सतरावा माझाच.
नाव, वय, लेकरं, रक्तदाब, सगळं भरलं.
रकाना सातशी पेन टेकवला
आणि उगीच वर पाहिलं :
खुंटी रिकामी होती.