बुडीत

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर
मला खुर्ची दिली आहे, चाकांची.
ठाण्याच्या दप्तरखान्यात स्टुलावर बसून
एकतीस वर्षं मोडी वाचली.
आता यंत्र वाचतं, आणि मी
त्याच्या मागे उभा असतो,
हेडकारकून उभा राहायचा तसा.

वह्या घणसोलीच्या एका आगराच्या,
कडा कसरीनं खाल्लेल्या.
लिहिणारा आधी पानभर रेघ ओढायचा,
मग अक्षरं तिच्याखाली सोडायचा.
आधी बांध, मग पाणी.
दोन शब्दांत फट नाही.
बोरू उचलला तर वेळ जाणार,
आणि भरती थोडीच थांबते.

सुफियान मुकादम, तळोज्याचा पोरगा,
माऊस फिरवतो, आणि वह्यांतली माणसं
काळ्या पडद्यावर ठिपके होऊन उगवतात.
जितक्या वेळा नाव, तितका ठिपका मोठा.
शिलोत्री मधोमध, भाकरीएवढा.
भोवती कारकून, तोलणारा, गलबतवाले,
आणि रेघा, रेघा, नुसतं जाळं.
"काका, बघा, अख्खा गाव एकमेकांशी बोलतोय."
मी म्हटलं, बोलतोय कुठला,
देणं लागतोय.

मग त्यानं नकाशा काढला.
जुना खाली, नवा वर, बाजूला एक सरकपट्टी.
डावीकडे नेली की सेक्टर विरत जातो
आणि कोंड्या दिसू लागतात, चौकोन चौकोन;
उघाडी होती तिथे एटीएम.
मी माझी इमारत शोधली.
तिसऱ्या कोंडीत राहतो मी, बावीस वर्षं.
पार्किंगच्या भिंतीला दर उन्हाळ्यात लोणा फुटतो.
सोसायटीनं तीनदा वॉटरप्रूफिंग केलं,
वर्गणी काढून.

जाळ्याबाहेर, कोपऱ्यात, एक ठिपका होता
तिळाएवढा. त्याला एकच रेघ.
दाबला.
हिरू कोम धाकू, मीठ मण तीन, बुडीत.
त्या पानानंतर ती कुठेच नाही.
यंत्रानं तिला लाल रंग दिला होता:
कर्ज, वसूल न झालेलं.
खात्री, शेकडा सत्त्याण्णव.

मी मूळ पान उघडलं, मोठं केलं,
इतकं की शाईला तडे दिसू लागले.
वैशाख वद्य अमावास्या. उधाणाचा दिवस.
वरच्या ओळीत: उघाडी फुटली, डागडुजी आणे चार.
मग ही ओळ.
बुडीत काय?
तीन मण? तिच्या नावावरचं येणं?
की
कारकुनानं क्रियापदाची शाई वाचवली आहे.
"खर्चाच्या बाजूला लिहिलंय, म्हणजे पैसेच,"
सुफियान म्हणाला. मग जरा वेळानं,
"बहुतेक."

यादीत पर्याय चार:
येणं, देणं, मजुरी, इतर.
पाण्याचा नाही.

एकतीस वर्षं मी पानाखाली लिहीत आलो,
अस्सल बरहुकूम नक्कल,
आणि सही.
शंका कधी लिहिली नाही. तिला रकाना नव्हता,
आणि साहेबांना पाचला घरी जायचं असायचं.

म्हटलं, हिचा रंग काढ.
"काढला तर दिसणारच नाही काका.
पडदा काळा आहे."
खरंच होतं ते.
काढून बघितला. गेली.
मग त्यानं न बोलता तिला पांढरी कड दिली,
आत काहीच नाही,
बांगडी उतरवून ठेवावी तेवढी.

सोमवारी प्रकल्पाच्या बाई विचारतील,
एक ठिपका भरायचा राहिलाय का?
हो, म्हणेन. राहिलाय.

सुफियाननं पुढची ओळ वर घेतली.
त्याच हाताची, त्याच रेघेखाली:
टोपली, नवी, नग एक.
यंत्रानं बरोबर वाचलं होतं.
मी होकार दाबला.