घट

मसाला मार्केटात शिंक हवेतच असते.
तुर्भ्याचा पूल उतरतानाच नाक सांगतं,
आज कुणाच्या गाळ्यावर बेडगी उतरलीय.
सगळे शिंकतात. हमाल, दलाल, मांजर,
सह्या घ्यायला आलेला बँकेचा पोरगा.
शिंकतात आणि मोकळे होतात.
मी आधी पाय आवळते.

चोपन्न वर्षं. दोन बाळंतपणं.
दुसरं चार किलो दोनशेचं.
त्याच्यासाठी आता मुली बघतोय.
त्याला यातलं काही ठाऊक नाही.

कोपरखैरण्याहून निघताना गडद सलवार, लांब कुर्ता,
पर्समध्ये डबा, चष्मा,
आणि एका खाकी पाकिटात घडी करून दोन पॅड.
पाकिटावर माझ्याच अक्षरात : जीएसटी २०१९.
ते कुणी उघडत नाही.

चहा अर्धा. ताक बंद.
पाणी मात्र तोडू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
घोट घोट प्या,
आणि दिवसातून तीनदा आवळा, दहा मोजा, सोडा.
मला मोजायला शिकवता?
तीस वर्षं पोतीच मोजतेय.
बेडगी एक, बेडगी दोन,
श्वास चालू ठेवायचा,
बेडगी नऊ, बेडगी दहा, सोड.
शेटना वाटतं, बाई फार मन लावून काम करतात.

एक वही ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं.
किती प्यालात, कधी गेलात, कधी थेंब गेला.
सवयीने मी मधोमध रेघ मारली.
जमा : सकाळी नऊ, पाणी, एक पेला.
नावे : अकरा पाच, शिंका, तीन.
आठवडाभर लिहिलं.
बाकी काही जुळली नाही.

इथे प्रत्येक मालाला घट धरतात.
मिरची वाळते, शेकडा दोन.
हळद उडते. गुळाला पाझर सुटतो.
कुणी भेलीला विचारत नाही, लाज कशी वाटत नाही तुला.
बहीण म्हणते, अगं, पाझरतो तोच माठ पाणी गार ठेवतो.
तिला म्हटलं, तू एकदा ये गुंटूरसमोर बसायला.

काट्यावर बजाबा ढमाळ, पाटणकडचे.
दिवाळीनंतर महिनाभर गावी होते.
हर्नियाचं केलं, म्हणाले.
आल्यापासून शिंक आली की
हातातला हूक खाली ठेवतात,
काट्याचा खांब धरतात,
आणि शिंक होऊन गेली तरी लगेच हलत नाहीत.
ते न हलणं
मी ओळखते.

मंगळवारी गुंटूरचं एक पोतं शिवणीत उसवलं.
सलग पाच शिंका.
पाचवीला मी हरले.
आता खुर्चीवरून उठायचं,
शेटच्या मागची किल्ली घ्यायची,
सोळा गाळे ओलांडून डावीकडे.
आणि समोर गादीवर राजकोटचे दोन व्यापारी,
पिस्ते सोलत, निवांत.

बजाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
काट्यावर पोतं धाडकन आदळलं,
'शेट, वजनात फरक दावतोय! या की समदी हिकडं!'
सगळ्या माना काट्याकडे.
मी जीएसटी २०१९ उचललं.

परत आले तेव्हा खुर्चीवर
कोरडं बारदान, चौपदरी.
फरक काही निघाला नव्हता, म्हणे.

संध्याकाळी तोलाईच्या पट्ट्यांवर
अंगठा द्यायला बजाबा आले.
गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं.
मी वहीत बघत विचारलं,
'कितीपर्यंत मोजता?'
ते बोटाची शाई लुंगीला पुसत राहिले.
बराच वेळ.
'सातापतुर जातंय.'
'दहा सांगितलेत.'
'व्हय. पर सातालाच शिंक येती.'

मला हसू फुटलं.
पाय आवळले,
आणि हसले.