अडीच तारे

शुक्रवार, दुपारचा खेळ, परभणी.
सगळे मिळून अकरा जण,
त्यातले दोघे नुसते कूलरपायी आलेले.
सातपर्यंत दोनशे शब्द द्यायचेत,
शेवट सांगायचा नाही.

लिहितो :
पोराचं काम छान. डोळे बोलतात.
(हे मी दर वेळी लिहितो.)
आई जरा जास्तच रडते.
बाप पेटी अंगणात आपटतो तेव्हा
भाता फाटल्याचा आवाज बरोबर पकडलाय.
मध्यंतरानंतर सिनेमा स्पर्धेला जातो आणि लांबतो.
शेवटच्या रांगेत उभा राहून बाप डोळे पुसतो.
हे खोडतो. शेवट सांगायचा नाही.

एक प्रसंग मात्र पटला नाही :
आईच्या हातून पातेलं निसटतं, घुमत राहतं,
आणि सहा वर्षांचं पोर त्याचा सूर सांगतं.
अतिशयोक्ती, असं लिहिलं.
अडीच तारे. पाठवून दिलं.

मानवतला आमच्या घरामागं गिरणी होती.
कुशावर्ता, माझी धाकटी,
ओट्यावर पाय हलवत आतूनच सांगायची,
गहू संपला, आता ज्वारी पडली.
शाळेतल्या पेटीवर बोट ठेवून दाखवायची,
ज्वारीला ही पट्टी. गव्हाला ही, हिच्या शेजारची.
आम्ही हसायचो.
आई म्हणायची, एवढं कळतंय तर जा,
आपला डबा झाला का बघून ये.
ती जायची. डबा डोक्यावर घेऊन यायची,
भुवयांवर पीठ.

आमच्या घरात कुणी पेटी आपटली नाही.
पेटीच नव्हती.
अण्णा जिनिंगवर काट्यापाशी असायचे,
केसांत कापूस घेऊन यायचे, जेवायचे, झोपायचे.
तिला कुणी नाही म्हटलं नाही.
तिनं काही मागितलंच नाही,
आणि मागायचं असतं काय
हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं?
यावर सिनेमा निघायचा नाही.
ह्यात आपटण्यासारखं काही नाही.

रात्री सेलूला फोन लावला.
तिला सगळी गोष्ट सांगितली, पातेल्यासकट.
मधेच म्हणाली,
"थांब रे दादा. तुझा पंखा उतरायलाय.
दिवाळीत बरा होता. तेल घाल त्याला."

मी वर बघितलं.
फिरत होता. मला तर नेहमीसारखाच.

मग संपादकांना फोन केला,
म्हटलं, तो एक शब्द तेवढा काढा.
ते म्हणाले, कोणता?
आणि मी सांगेपर्यंत म्हणाले,
राहू दे आता, पान गेलं.